इम्युनोथेरपीनंतरचे जुलाब अंगावर काढू नका



आमच्या विहारामागे राहणाऱ्या एका काकांना तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग झाला. त्यांना इम्युनोथेरपीची सलाईन सुरू होती. दोन महिन्यांनी जुलाब लागले. काहीतरी बाधले असेल, असे समजून घरच्यांनी जुलाब थांबवायच्या गोळ्या दिल्या. दिवसातून आठ-दहा वेळा जावे लागे, तरी काका लाजेने सुनेपुढे बोलेनात. पाचव्या दिवशी रक्त पडले, तेव्हा धावपळ झाली. काका वाचले, पण तीन आठवडे वॉर्डात होते.

असे का होते? आपली प्रतिकारशक्ती हा शरीराचा पहारेकरी आहे. त्याने घरच्याच माणसांवर काठी उगारू नये म्हणून शरीराने त्याला लगाम घातलेला असतो. कर्करोग याच लगामाचा फायदा घेतो. निवोलुमॅबसारखी औषधे तो लगाम सैल करतात. या शोधाबद्दल जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. औषध फार महाग. पण मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी डोके व मानेच्या बळावलेल्या कर्करोगात, गोळ्यांच्या उपचाराबरोबर, दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब देऊन पाहिले. वर्षभर जगणारे रुग्ण शंभरात १६ वरून ४३ वर गेले. कष्टकऱ्यांसाठी ही मोठी आशा आहे.

मात्र मोकळा सुटलेला पहारेकरी कधी आपल्याच आतड्यावर, फुप्फुसावर, यकृतावर, थायरॉइडवर, क्वचित हृदयावरही तुटून पडतो. शेवटच्या सलाईननंतर काही महिन्यांनीही असे होऊ शकते.

म्हणून घरच्यांनी एवढे लक्षात ठेवावे. नेहमीपेक्षा चार वेळा जास्त शौचाला झाले, तर त्याच दिवशी कर्करोगाच्या डॉक्टरांना कळवा. सात वेळा जास्त झाले, रक्त पडले, पोटात फार दुखले, धाप लागली, छातीत दुखले, डोळे पिवळे झाले किंवा रुग्ण गुंगीत गेला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. तेथील डॉक्टरांना 'इम्युनोथेरपी झाली आहे' हे आधी सांगा. कागद जवळ ठेवा.

त्रास तीव्र असेल तर डॉक्टर ती सलाईन थांबवून स्टिरॉइड देतात. आतड्याच्या त्रासात तीन ते पाच दिवसांत उतार पडला नाही, तर इन्फ्लिक्सिमॅबसारखे दुसरे औषध देतात. बरे वाटले की स्टिरॉइड मनाने बंद करू नका. ते चार ते सहा आठवडे किंवा अधिक काळ हळूहळू कमी करावे लागते, नाहीतर त्रास उलटतो. या काळात साखर वाढते; ती तपासत राहा.

पोटाच्या विकाराने स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले, अशी हकिगत विनयपिटकात आहे. तथागतांना त्याची किळस वाटली नाही. मग आपल्या घरात जुलाबाची लाज कशाला? काकांना आज रोज एकदा विचारा, "किती वेळा झाले?" या एका प्रश्नाने जीव वाचू शकतो.