जळालेला खांब आणि परवानगीचा कागद

८ जानेवारी २०२५ ची सकाळ. कढईत पोहे परतत होते आणि धाकट्या बहिणीचा फोन आला. ‘ताई, टीव्ही लाव. पोरगी फोन उचलत नाहीये.’ माझी भाची लॉस एंजेलिसजवळ पासाडेनाला राहते. आपल्याकडे सकाळ, तिकडे आदल्या दिवशीची रात्र आणि डोंगरावर ईटन वणवा. तीन तासांनी चार शब्द आले, ‘मावशी, आम्ही बाहेर पडलोय.’ नंतर कळलं, तिचा फोन चार्ज होता. रेंजच नव्हती.

मैत्रिणींनो, ते तीन तास मी विसरलेली नाही. म्हणूनच नंतर कॅलिफोर्नियात परवानग्यांवरून जो वाद झाला, तो मी जरा जास्तच लक्ष देऊन वाचला.

आधी त्या रात्रीचं. पासाडेनाला लागूनच अल्टाडेना आहे. तिथल्या लेक अव्हेन्यू या रस्त्याच्या पूर्वेकडच्यांना ‘घर सोडा’ हा इशारा संध्याकाळीच मिळाला. पश्चिमेकडच्या मोठ्या भागाला तो आला पहाटे तीन वाजून गेल्यावर. ईटन वणव्यात १९ जीव गेले. बहुतेक वयस्कर, आणि जवळजवळ सगळे या पश्चिम भागातले. इशारा उशिरा निघाला, ही प्रशासनाची चूक. (त्याच आठवड्यात उलटाही घोळ झाला! एका भागासाठीचा इशारा चुकून सुमारे १ कोटी लोकांच्या जिल्हाभर गेला.) पण इशारा वेळेवर निघाला, तरी एकट्या राहणाऱ्या आजींच्या उशाशी तो पोचवायला टॉवर चालू लागतो, केबल शाबूत लागते.

आणि वणव्यात नेमकं तेच आधी जातं. वीज गेली की टॉवर बॅटरीवर येतो, आणि बॅटरी किती तास पुरणार? म्हणून २०२० साली कॅलिफोर्नियाने वणव्याचा धोका जास्त असलेल्या भागांत मोबाइल कंपन्यांना ७२ तासांची पर्यायी वीज ठेवायला सांगितलं. पण खांबावरची केबलच जळाली, तर टॉवर उभा असून मुका. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर कोकणात ज्यांनी फोनविना दिवस काढले, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता ते पुन्हा उभारायचं. तिथे पर्यावरण तपासणीचा कायदा १९७० चा, आणि समुद्रकिनाऱ्याजवळच्या बांधकामाचा १९७६ चा. एरवी अर्ज, अहवाल, नोटिसा, हरकती यात महिने जातात. राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी जानेवारीत जळालेल्या घरांसाठी या दोन्ही तपासण्या बाजूला ठेवल्या. मार्च २०२५ मध्ये तीच सवलत वीज, पाणी, गॅस आणि दूरसंचार यांच्या उभारणीला दिली. संपूर्ण देशासाठी अशी सूट असावी, म्हणून अमेरिकी संसदेतही विधेयकं मांडली गेली आहेत.

तुम्ही म्हणाल, बरंच झालं की! मलाही आधी तेच वाटलं. जिथे खांब होता तिथेच, तेवढाच खांब लावायचा तर पुन्हा अहवाल कशाला? त्या खड्ड्याचं पर्यावरण आगीनेच बघून टाकलंय.

पण एक जुनी गोष्ट वाचनात आली आणि मी थबकले. ऑक्टोबर २००७ मध्ये मालिबू कॅन्यनमध्ये सोसाट्याच्या वाऱ्यात तीन खांब मोडून पडले आणि वणवा पेटला. त्या खांबांवर विजेच्या तारांबरोबर फोन कंपन्यांच्या केबल आणि यंत्रंही होती. खांबांवर झेपेल त्यापेक्षा जास्त भार घातला, हा आरोप वर्षानुवर्षं चालला. शेवटी तडजोडीत वीज कंपनीने ३ कोटी ७० लाख डॉलर भरले, आणि तीन फोन कंपन्यांनी मिळून १ कोटी २० लाख. म्हणजे संपर्काची साधनं नुसती आगीत जळत नाहीत, ती आग लावूही शकतात. ‘होतं तसंच उभारा’ म्हणताना, होतं ते धड होतं का, हे कोण बघणार?

न्यूसम यांच्या आदेशाने खांबाच्या मजबुतीचे नियम रद्द केलेले नाहीत, हे मुद्दाम सांगते. ते वेगळ्या आयोगाचे, ते कायम आहेत. पण घाईच्या कामात नियम कागदावर राहतो आणि मोजमाप घेणारा माणूस दुसऱ्याच साइटवर असतो, हे आपल्या गल्लीतला रस्ता खोदताना पाहिलेल्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. पॅसिफिक पॅलिसेड्सच्या वरच्या टोपांगा उद्यानात २०१९ मध्ये शहराच्या वीज विभागाने वणव्याच्या भीतीने लाकडी खांब काढून पोलादी लावायला घेतले. त्यात एका दुर्मीळ रानझुडपाची जवळपास दोनशे रोपं तुडवली गेली. परवानगी घेतलेलीच नव्हती. काम थांबलं, आणि २०२० मध्ये १९ लाख डॉलर दंड झाला. २०२५ च्या वणव्यानंतर अनेकांनी बोटं मोडली, बघा, एका झुडपापायी सुरक्षेचं काम अडलं! मला तसं वाटत नाही. परवानगी आधी मागितली असती, तर काम बंद पडायची वेळ आली नसती. (गंमत म्हणजे या झुडपाचं बी बहुतेक आग लागून गेल्यावरच रुजतं.) पण वणव्याच्या तोंडावरच्या कामाला परवानगी इतकी किचकट असावी का, की खात्यालाच ती टाळावीशी वाटावी? हा प्रश्न उरतोच.

माझ्यापुरतं मी असं ठरवलंय. जुन्याच खड्ड्यात खांब जाणार असेल, तर झाडापानांचा अहवाल नको, उद्याच लावा. पण खांब किती भार पेलेल, टॉवरला बॅटरी आहे का, हे एका दिवसासाठीही सोडू नये. आणि तारा जमिनीखालून न्यायच्या असतील, तर ते ‘होतं तसं’ नव्हेच. ती नवी चर आहे. वाटेत आगीतून वाचलेल्या झाडांची मुळं आहेत, कुठे मूळ रहिवाशांच्या जुन्या दफनभूमीही असू शकतात. न्यूसम यांच्या आदेशात या भुयारी कामालाही तीच सूट आहे, आणि तिथे मला ती घाई वाटते. महिनाभरात उत्तर द्या, अशी मुदत घाला हवं तर. पण बघा तरी.

परवा भाचीशी बोलणं झालं. म्हणाली, ‘मावशी, अल्टाडेनाकडे गेले होते, एका गल्लीत नवे खांब दिसले.’

मी विचारलं, ‘अगं, त्यांच्यावर किती केबल आहेत?’

‘मावशी, ते कोण मोजतं?’ ती हसली. मग जरा थांबून म्हणाली, ‘पुढच्या वेळी मोजते.’