त्याला कोणी विचारले काय?



गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. मिस्सा आटोपून आम्ही ओसरीवर येऊन बसलो, तोच आपल्या धर्मग्रामातील एक विधवा भगिनी आपल्या तिन्ही मुलांसह आली. थोरल्याच्या हाती कागदांची पिशवी होती. धाकटा मुलगा आता बत्तीस वर्षांचा आहे. जन्मापासून बुद्धीची वाढ बेताची. अक्षरओळख झाली नाही. मात्र केळीची पिले कापणे, घड खांद्यावर घेऊन बांधापर्यंत आणणे ही कामे तो चोख करतो. वडील वारल्यापासून शेताच्या वाटणीचा प्रश्न पुढे आला होता. धाकट्याच्या वाट्याची जमीन आहे, पण तिचे कागद आणि व्यवहार पाहावेत कोणी? कायद्याने पालक नेमता येतो, असे थोरल्याने कोठेसे ऐकले होते. आणि त्या कामी आम्ही एक शिफारसपत्र द्यावे, अशी त्याची विनंती होती.

आमची चर्चा अर्धा तास चालली. जमीन किती, पाणी कोठून येते, धाकट्याचे जेवणखाण कसे आहे, त्याला राग येतो काय, तो पैसे हरवतो काय, हे सारे आम्ही त्याच्या आईला आणि भावांना विचारले. तो बाकावर बसून होता. मध्यंतरी चहा आला. चहा आणणाऱ्या बाईंनी त्याच्या आईस विचारले, "ह्याला साखर चालते का हो?"

"मला चालते," तो म्हणाला. मग आमच्याकडे पाहून तितक्याच शांतपणे बोलला, "फादर, माझ्या शेताचं बोलताय ना?"

वाचकहो, आम्ही खजील झालो. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो; पण समोर बसलेल्या माणसाविषयी त्याच्या आईशी बोलू नये, त्याच्याशीच बोलावे, एवढी साधी रीत आमच्या अंगी आली नव्हती. शुभवर्तमानातील आंधळ्या बार्तीमयावर आम्ही आजवर कितीदा प्रवचन केले असेल! लोक त्याला गप्प बसवीत होते आणि प्रभूने लोकांना काही न विचारता, तुला काय हवे, हे त्यालाच विचारले. ते प्रवचन आम्ही दुसऱ्यांना सांगत आलो. असो. त्या दिवशी आम्ही पत्र दिले नाही. विचार करून देऊ, म्हणून सांगितले.

त्या निमित्ताने कायदा काय म्हणतो ते आम्ही मुळापासून वाचून काढले, आणि ज्यांच्या घरी अशी वयात आलेली मुले आहेत त्यांनी ते ध्यानात ठेवावे असे आहे. १९९९ सालच्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविध अपंगत्व असलेल्या अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी पालक नेमता येतो. हा निर्णय जिल्ह्याची स्थानिक समिती करते आणि तिच्यावर जिल्हाधिकारी असतात. बऱ्हाणपूर २००३ साली वेगळा जिल्हा झाल्यामुळे आता त्यासाठी खंडव्याच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. ह्या समितीत एक अपंग व्यक्ती असावी लागते, हे आम्हांस विशेष वाटले. मुळात पालकाची गरज आहे काय आणि कोणत्या कामापुरती आहे, हे समितीने आधी पाहायचे असते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची असते आणि पुढे दरवर्षी हिशेब. हयगय केली किंवा पैसा खाल्ला, तर त्याला दूरही करता येते. म्हणजे हा दाखला जमिनीची मालकी देणारा नव्हे. ती सांभाळण्याची जोखीम देणारा आहे.

पुढे २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. त्याने आणखी एक पाऊल टाकले. अशा व्यक्तीला इतरांसारखाच मालमत्ता बाळगण्याचा आणि वारसा मिळवण्याचा हक्क आहे, हे त्याने स्पष्ट केले. पालकत्व मर्यादित असावे, निर्णय दोघांनी मिळून, एकमेकांच्या विश्वासाने घ्यावा, असे ठरविले. आणि मदत करणाऱ्याचा स्वतःचा स्वार्थ ज्या व्यवहारात गुंतला असेल त्या व्यवहारात त्याने मदतीस राहू नये, असेही त्यात आहे. वाटणीत ज्याचा स्वतःचा हिस्सा आहे अशा भावाने हे कलम दोनदा वाचावे. आम्ही कोणाच्या मनावर संशय घेत नाही. पण शेताच्या बांधावर सख्खे भाऊ कसे बदलतात, हे पापनिवेदन ऐकणाऱ्या माणसाला कोणी सांगावयास नको.

कोणी म्हणेल, घरच्यांनी भल्यासाठी ठरविले तर बिघडले कोठे? काय बिघडते, ते आपल्या महाराष्ट्राने १९९४ साली पाहिले आहे. पुणे जिल्ह्यातील शिरूर येथे मतिमंद मुलींची शासकीय संस्था होती. मासिक पाळीच्या वेळी त्यांना स्वच्छता राखता येत नाही, ह्या कारणाने तेथील कित्येक मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेण्यात आले आणि त्यांची गर्भाशये काढून टाकण्यात आली. स्त्री-संघटनांनी आवाज उठविला तेव्हा पुढील शस्त्रक्रिया थांबल्या. ज्यांनी हे ठरविले ती दुष्ट माणसे होती, असे आम्ही म्हणत नाही; बहुतेकांची समजूत आपण सोयीचे आणि भल्याचेच करीत आहोत अशी असेल. परंतु त्या मुलींना कोणी विचारले होते काय?

ह्याच्या उलट घडले ते २००९ साली. चंदीगडच्या एका सरकारी आश्रयगृहात राहणाऱ्या, बुद्धीने मंद असलेल्या अनाथ तरुणीवर तेथेच अत्याचार झाला आणि ती गरोदर राहिली. गर्भपात करावा, असे उच्च न्यायालयाने ठरविले. तिला मात्र मूल हवे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तेथे तिचा शब्द मानण्यात आला. बुद्धिमांद्य आणि मनोविकार हे वेगळे आहेत. सज्ञान स्त्रीची बुद्धी मंद आहे म्हणून तिची संमती दुसऱ्या कोणी द्यावयाची नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. एक जीव वाचला म्हणून आपणां कॅथलिकांना आनंद होणे साहजिक आहे. पण निकालाचा आधार तिचे म्हणणे हा होता, हे आपण सोयीस्करपणे विसरू नये. तिच्या "हो"ला मान द्यावयाचा आणि आपल्या घरातील मुलाच्या "नाही"कडे दुर्लक्ष करावयाचे, हे जमणार नाही.

येथे एका शब्दाविषयी थोडे विषयांतर. इंग्रजीत ज्याला ऑटिझम म्हणतात त्याला आपल्याकडे स्वमग्नता म्हणतात. आम्हांस तो शब्द फारसा रुचत नाही. जणू हा मनुष्य आपल्यातच गुंग आहे आणि त्याला जगाशी कर्तव्य नाही! वास्तविक पुष्कळदा त्याला जगाचा आवाज, प्रकाश, गर्दी आपल्यापेक्षा फार अधिक जाणवते. ही स्थिती जन्मजात असते. आईच्या मायेत उणे पडले म्हणून मूल असे झाले, असे एके काळी डॉक्टरही म्हणत. ते मत कधीच खोटे ठरले आहे. तरी काही घरांतून अजून सुनेला तो बोल लावतात. तो लावू नये.

आता ज्या गोष्टीमुळे आमचे डोळे खऱ्या अर्थाने उघडले तिच्याकडे वळू. बाकावर बसलेल्या त्या मुलास दिवसभर घड वाहून इतर मजुरांच्या निम्मी मजुरी मिळत होती. हा आपला दरच आहे, अशी त्याची समजूत होती. आईला ठाऊक होते. पण "तो साधा आहे, काम देतात हेच पुष्कळ," असे म्हणून ती गप्प राहिली होती. त्याला खरे सांगितले ते शेजारच्या गावच्या दुसऱ्या एका तरुणाने. तोही असाच, न शिकलेला, जरा अडखळत बोलणारा. बाजारात दोघे भेटले आणि तो म्हणाला, "मला पण आधी अर्धेच द्यायचे. मी जात नाही म्हणालो." बस्स, इतकेच. आमच्या शंभर प्रवचनांनी जे झाले नसते ते ह्या दोन वाक्यांनी झाले, कारण सांगणारा त्याच्याच वाटेने आलेला होता.

अशा माणसांनी आपापसात भेटावे, ही काही आमची कल्पना नव्हे. स्वीडनमध्ये १९६०च्या दशकात त्यांची मंडळे निघाली. १९७४ साली अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात त्यांनी स्वतः जमून आपली परिषद भरविली, आणि आम्हांला आधी माणूस म्हणून ओळखा, ह्या अर्थाचे 'पीपल फर्स्ट' असे नाव घेतले. आपल्या देशातही 'परिवार' ह्या पालक-संघटनांच्या महासंघाच्या जोडीने त्यांचा स्वतःचा एक मंच उभा आहे. डोंबिवलीजवळ खोणी येथे अमेय पालक संघटनेचे 'घरकुल' आहे. आमच्या पश्चात ह्याचे कसे होईल, ह्या प्रश्नाला पालकांनीच एकत्र येऊन दिलेले ते उत्तर होय. मुंबईत जुहूला २०१८ मध्ये 'कॅफे अर्पण' निघाले, तेथे अशी सज्ञान माणसे स्वयंपाकघरात आणि गिऱ्हाइकांत काम करतात. ही शहरांची कामे झाली. त्यांना लागणारा पैसा आपल्यापाशी नाही. आपल्यापाशी धर्मग्रामाचे सभागृह आहे आणि दुसऱ्या शनिवारी ते रिकामे असते.

तेव्हा आम्ही सहाजणांना बोलाविले. पहिल्या शनिवारी आम्हीच फार बोललो आणि ते सारे मान डोलावीत राहिले. दुसऱ्या खेपेस आम्ही आणि आया बाहेर निंबाखाली बसलो. आत बराच वेळ काही ऐकू येईना. मग हसणे ऐकू आले. त्यांनी काय ठरविले, ते त्यांनीच येऊन सांगितले. एका चाळिशीच्या भगिनीला "बाळ" म्हणून हाक मारलेली नको आहे. एकाला एस.टी.चा फलक वाचता येत नाही म्हणून लाज वाटते. दुसरा म्हणाला, मी रंगावरून ओळखतो, तुला शिकवतो. एकजण मुळीच बोलत नाही. त्याने त्यांच्यातील एकाचा हात धरून त्याला देवळात नेले, ध्वनिक्षेपकाच्या कर्ण्यावर हात ठेवला आणि कान झाकले. चार वर्षे हा मुलगा मिस्साला बाहेर उभा राहतो म्हणून आम्ही त्याच्या बापाला बोलत होतो! आता उजवीकडील कर्णा बंद असतो आणि तो त्या बाजूच्या शेवटच्या बाकावर बसतो. गायकवृंदाची ह्यावर थोडी कुरकुर आहे.

मजुरीचे म्हणाल तर अजून पुरती मिळत नाही. तो बागाईतदार आपल्यातलाच आहे. त्याचे नाव येथे घेत नाही, तो हे सदर वाचतो.

शिफारसपत्र आम्ही शेवटी लिहिले. पण देण्यापूर्वी धाकट्याला एकट्याला बोलावून ते दोनदा वाचून दाखविले. पालक म्हणून त्यात थोरल्याचे नाव होते. तो बराच वेळ गप्प राहिला; मग म्हणाला, "मावशीचं लिहा. ती मला सांगते, मग विचारते." आम्ही पत्र फाडून दुसरे लिहिले. थोरला त्यानंतर तीन रविवार आमच्याशी बोलला नाही. चौथ्या रविवारी तो मावशीलाच घेऊन आला आणि समितीपुढे कोणकोणते कागद लागतात, ते विचारू लागला. धाकटा बरोबर होताच. ह्या वेळी चहा त्यालाच विचारून ओतला.