बाथरूम बदलायची, की फोडायची?

घरात लग्न ठरले, दिवाळी जवळ आली किंवा परदेशातला भाचा आठवडाभर राहायला येणार म्हटले, की मध्यमवर्गीय घरात बाथरूमचा विषय निघतो. एक रविवार टाइल्सच्या दुकानात जातो. कंत्राटदार येऊन भिंतीवर टकटक करतो, जिभेने चुकचुक करतो आणि पाकिटाच्या पाठीवर एक आकडा लिहून देतो. तो पाहून विषय पुढच्या दिवाळीपर्यंत ढकलला जातो. मधले वर्षभर नळ ठिबकतो, दाराचा खालचा भाग कुजतो आणि कोपऱ्यातली काळी बुरशी वीतभर वर सरकते.

यात पैशाची अडचण आहे, पण त्याहून मोठी अडचण एका समजुतीची आहे. बाथरूम नवी करायची म्हणजे जुन्या टाइल्स फोडायच्या, हे आपल्याकडे गृहीतच धरलेले असते. वास्तविक त्या कामातला महागात पडणारा, सर्वांत धुळीचा आणि सर्वांत जोखमीचा भाग फोडण्याचाच असतो. हातात पैसे मोजके असतील तर फोडकाम हा शेवटचा उपाय मानावा आणि तेच पैसे पाणी, हवा, उजेड आणि घसरण यांवर घालावेत.

हिशेब करून पाहू. पाच फूट बाय सात फुटांची बाथरूम धरा. जमीन ३५ चौरस फूट. भिंतींना सात फूट उंचीपर्यंत टाइल्स असतील, तर दाराची जागा वगळून साधारण १५० चौरस फूट. म्हणजे दिसायला एवढीशी खोली, पण टाइल्स जवळजवळ १८५ चौरस फूट. टाइल आणि तिच्यामागचे सिमेंट मिळून सरासरी तीन सेंटिमीटर जाडी धरली, तरी फोडल्यावर सुमारे एक टन राडारोडा निघतो. तीस किलोची एक याप्रमाणे पस्तीसेक गोण्या. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरून त्या उतरवायची मजुरी वेगळी, टेम्पो वेगळा. नवी टाइल घरात येण्याआधीच बजेटचा मोठा लचका तुटलेला असतो.

जोखीम याहून खोल आहे, शब्दशः खोल. बऱ्याच सदनिकांत बाथरूमखालचा स्लॅब मुद्दाम खाली घेतलेला असतो. त्या खोलगट जागेत सांडपाण्याचे पाइप, भर, विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि पाणी अडवणारा थर असतो. वरची फरशी ब्रेकरने उखडताना या थराला हादरे बसतात, कुठे तडा जातो, कुठे पाइपचा सांधा हलतो. दोन महिन्यांनी खालच्या मजल्यावरचे काका छताचा फोटो घेऊन दारात उभे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार संडास-बाथरूममधून होणाऱ्या अंतर्गत गळतीची दुरुस्ती सदस्याने स्वतःच्या खर्चाने करायची असते. तेव्हा सुंदर दिसण्यासाठी केलेल्या खर्चाच्या मागून दुसऱ्याचे छत रंगवून देण्याचाही खर्च येतो.

नव्या चकचकीत टाइल्सची हौस मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मुंबईच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोल्यांत तीन-तीन पिढ्या वाढल्या. आंघोळ खोलीच्या कोपऱ्यातल्या मोरीत, संडास मजल्यावर सामाईक. त्यांतल्याच वरळीच्या चाळींत २०२५ साली पुनर्विकासातल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या रहिवाशांना मिळाल्या. आपल्या घरात, आपल्या कडीच्या आत आंघोळ करता येणे ही ज्यांच्या आयुष्यातली मोठी गोष्ट आहे, त्यांना ती खोली सजवावीशी वाटणारच. प्रश्न सजवण्याचा नाही, सुरुवात कुठून करायची याचा आहे.

सुरुवात सांध्यांपासून करावी. जुनी बाथरूम मळकट दिसते ती बहुधा टाइलमुळे नव्हे, तर दोन टाइलमधल्या काळ्या-पिवळ्या रेघांमुळे. टाइलवरचा चकचकीत थर पाणी पीत नाही. सांध्यातले पांढरे सिमेंट मात्र पाणी, साबण, तेल सगळे पिते. हे सांधे दोन-तीन मिलिमीटर खरवडून, खोली पूर्ण कोरडी करून त्यात इपॉक्सी ग्राउट भरले, की तीच पंधरा वर्षांची टाइल पुन्हा तोंड वर काढते. इपॉक्सी पाणी शोषत नाही, म्हणून बुरशीला पाय रोवायला जागा राहत नाही. साध्या सिमेंटच्या ग्राउटपेक्षा ते महाग पडते आणि भरायला हात सराईत लागतो. मिसळले की ते लवकर घट्ट होते आणि टाइलवर सांडलेले वेळेत पुसले नाही, तर त्याचा धुरकट पापुद्रा कायमचा राहतो. कारागिराला निदान हे विचारावे, की यापूर्वी इपॉक्सी भरले आहे का. ‘सगळे सारखेच असते हो’ असे उत्तर आले, तर दुसरा कारागीर पाहावा.

या सांध्यांचा घरातला मोठा शत्रू म्हणजे ॲसिडची बाटली. बोअर किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत नळावर, काचेवर, टाइलवर क्षारांचे पांढरे थर चढतात. ते काढायला दारावर मिळणारे स्वस्त ॲसिड ओतले जाते. क्षार जातात, पण त्यांच्याबरोबर सांध्यातले सिमेंटही विरघळते आणि नळाची चकाकीही उतरते. शहाबादी किंवा कडप्पा असेल तर तो दगडच चुनखडीचा, ॲसिड पडताच फसफसतो आणि खडबडीत होतो. अशा दगडाला व्हिनेगर किंवा लिंबूही लावू नये, साधा सौम्य साबण आणि ब्रश पुरे. नळ आणि शॉवरच्या जाळीवरचे क्षार मात्र व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके तासभर गुंडाळून ठेवले, तर सुटतात. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र झाली तर क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये हा प्रयोग जिवावर बेतू शकतो.

पाण्याकडे वळू. सांडपाण्याच्या जाळ्याने जोडलेल्या शहरांसाठी माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी हे सरकारी प्रमाण. त्यातला बराच वाटा बाथरूम आणि संडासच खातात. ठिबकणाऱ्या नळातून सेकंदाला एक थेंब पडतो आणि थेंब पाव मिलिलिटरचा धरला, तर दिवसाला वीस लिटरहून जास्त पाणी गटारात जाते. म्हणजे एका माणसाची बादलीभर आंघोळ. यावरचा उपाय नळाच्या आतला काही रुपयांचा वॉशर असतो. तरी लोक नळच बदलतात, कारण शोरूममधला नळ डोळ्यांत भरतो आणि वॉशर कुणालाच दिसत नाही.

शॉवरची परीक्षा घरीच घ्यावी. दहा लिटरची बादली खाली धरावी आणि घड्याळ लावावे. मिनिटात भरली, तर पाच मिनिटांच्या आंघोळीला ५० लिटर गेले. कमी प्रवाहाची जाळी बसवली, की अंगावर धार तीच वाटते आणि पाणी बरेच कमी जाते. जुन्या फ्लशच्या टाक्या एका ओढीत दहा लिटर किंवा जास्त पाणी सोडतात, तर आजच्या दुहेरी बटणाच्या टाक्या साधारण तीन आणि सहा लिटरवर भागवतात. टाकी बदलायची नसेल तर तिच्यात लिटरची भरलेली बाटली झाकण घट्ट लावून उभी करावी. चार माणसांचे घर दिवसात वीस वेळा फ्लश करते असे धरले, तर रोज २० लिटर, वर्षाला ७,३०० लिटर वाचतात. टँकरचे पैसे मोजणाऱ्या सोसायटीला हा आकडा लगेच कळेल. वीट टाकू नये. ती झिजते आणि तिचा चुरा झडपेत अडकतो.

हवा हा विषय आपल्या घरबांधणीने फारच हलक्यात घेतला आहे. कोकणातल्या जुन्या घरात न्हाणी घराच्या मागे असे, तांब्याच्या भाणात पाणी तापे आणि वाहून जाणारे पाणी केळी-अळूला मिळे. आजच्या फ्लॅटमधली बाथरूम अंधाऱ्या डक्टकडे तोंड करून बसलेली असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये टॉवेल सकाळचा संध्याकाळपर्यंत ओलाच राहतो. सहा इंची एक्झॉस्ट पंखा आंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटे चालवला, तर बुरशीचे निम्मे भांडण मिटते. मात्र बाहेर टाकलेल्या हवेच्या जागी आत हवा यायला हवी. दार खालून घट्ट बंद असेल तर पंखा नुसता घरघरतो. दाराखाली बोटभर फट ठेवावी, किंवा खालच्या भागात जाळी बसवावी.

आणि फॉल्स सीलिंग? छोट्या बाथरूममध्ये ते करू नये, असे स्पष्ट म्हणायला हवे. वरच्या मजल्याचे पाइप झाकले जातात हे खरे, पण त्यांची गळतीही झाकली जाते. पीओपी ओल पिऊन फुगेपर्यंत कळत नाही. झाकायचेच असेल तर सहज काढता येतील असे पीव्हीसीचे पत्रे लावावेत आणि पाइपच्या सांध्याखाली उघडता येणारा भाग ठेवावा.

रूप पालटण्याचे खरे स्वस्त साधन म्हणजे उजेड. दाराच्या डोक्यावर पेटणारा एकमेव दिवा आरशापुढे उभ्या माणसाच्या पाठीवर पडतो आणि चेहरा सावलीत राहतो. दाढी करताना कापते ते त्यामुळेच. तो दिवा आरशाच्या वर किंवा बाजूला घ्यावा, आरसा आहे त्याच्या दुप्पट मोठा लावावा. खोली मोठी झाल्याचा भास हजार-दोन हजारांत मिळतो. टाइलवर मारायचे इपॉक्सी रंग बाजारात आहेत. तेलकटपणा घालवून, हलकी घासणी करून पाण्यापासून दूरच्या भिंतीवर मारले तर ते टिकतात, जमिनीवर मारले तर सोलले जातात. टाइलवरच टाइल चिकटवण्याचा मार्गही आहे. मात्र त्याने जमीन सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वर येते, उंबरठ्याची उंची तेवढी घटते आणि पाणी बाहेरच्या खोलीत डोकावू लागते. म्हणून ती युक्ती भिंतीपुरती ठेवावी.

जमिनीचा प्रश्न सौंदर्याचा नाहीच. बिल्डरने कौतुकाने बसवलेल्या गुळगुळीत टाइलवर साबणाचे पाणी पडले, की सत्तरीच्या आजीला ती जागा रोजचे संकट होते. घसरून खुब्याचे हाड मोडले, की शस्त्रक्रियेच्या खर्चात तीन बाथरूम सजतील. घसरणरोधक रसायनाचा लेप, रबरी जाळीची चटई आणि भिंतीत नीट बोल्ट ठोकून बसवलेला स्टीलचा आधारदांडा यांना फार खर्च येत नाही. रबरी चोषकाने चिकटणारे दांडे दिसायला छान असतात, पण भार पडला की सुटतात, त्यांच्यावर म्हाताऱ्या माणसाचे वजन सोपवू नये. त्याच आजीसाठी भारतीय बैठकीचा संडास फोडून कमोड बसवण्याआधी त्याच्यावर ठेवायची कमोड खुर्ची वापरून पाहावी.

गरम पाण्याच्या सोयीत काटकसर करू नये ती एकाच ठिकाणी, सुरक्षिततेत. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज लागते, तेव्हा गीझर तासभर चालू ठेवण्यात अर्थ नाही. पण अर्थिंग तपासलेले हवे आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी हवाच. गॅस गीझर बंद बाथरूममध्ये नको म्हणजे नको. अर्धवट जळलेल्या गॅसातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. अशा मृत्यूंच्या बातम्या हिवाळ्यात वाचायला मिळतात आणि तरी शेकडो घरांत हा गीझर आतच लटकलेला असतो. तो मोकळ्या हवेच्या बाल्कनीत हलवायला प्लंबरची एक दिवसाची मजुरी आणि थोडा पाइप लागतो.

जमिनीचे आणि भिंतीच्या खालच्या भागाचे सांधे, पंखा, वॉशर आणि जाळ्या, आरसा-दिवा, आधारदांडे, आरसीसीबी, हे सगळे मिळून सामान्यतः पंधरा हजारांच्या आसपास बसते. शहर आणि कारागीर बदलला की आकडा हलेल, पण लाखाच्या दिशेने पळणार नाही.

फोडण्याला खरे कारण एकच, खाली होणारी गळती. तीही सांधे आणि नहाणी ट्रॅपभोवतीची भेग भरून थांबते का, हे आधी पाहावे. नाहीच थांबली, तर सोसायटीला लेखी कळवून काम काढावे. जलरोधक थर झाला, की ट्रॅप बुजवून जमिनीवर निदान २४ तास, जमल्यास ४८ तास पाणी कोंडून ठेवावे आणि खालच्या घरात जाऊन छत पाहून यावे. गवंडी घाई करील, पण तोवर एकही टाइल लावू देऊ नये. पाइप झाकण्यापूर्वी भिंतींचे आणि जमिनीचे फोटो मोजपट्टी धरून काढावेत, म्हणजे पुढे खुंटीसाठी ड्रिल मारताना पाइपाला भोक पडणार नाही. टाइल्स घेताना एक पेटी जास्तीची घ्यावी आणि पेटीवरचा छटेचा क्रमांक लिहून ठेवावा. मोरबीच्या कारखान्यांतून निघणारी छटा एका खेपेहून दुसऱ्या खेपेत किंचित वेगळी येते आणि दोन-तीन वर्षांनी तर ते डिझाइनच बंद झालेले असते.