ऊब मोजून द्यावी

मार्गशीर्ष सरून पौष लागला, की कारंजा (घाडगे) आणि आसपासच्या मौज्यांतील सर्पमित्रांच्या कामाचे स्वरूपच पालटते. पावसाळ्यात घरात किंवा गोठ्यात शिरलेला चपळ साप धरून रानात सोडला, की जे काम संपते, तेच हिवाळ्यात पऱ्हाटी उपटताना, संत्र्याच्या बागेत आळी बांधताना किंवा जुन्या घराचा पाया खणताना अवचित उघड्यावर आलेल्या, थंडीने आखडलेल्या आणि पुष्कळदा कुदळीचा घाव बसलेल्या जीवाची चार दिवस शुश्रूषा करण्यापर्यंत जाऊन पोहोचते. विदर्भाची ख्याती उन्हाळ्याची खरी. परंतु याच मुलखातील नागपूरचा पारा 29 डिसेंबर 2018 रोजी 3.5 अंशांपर्यंत उतरला होता, आणि उन्हाची धग बाहेर ठेवावी या हेतूने बांधलेली आपली घरे पौषातल्या रात्री किती गारठतात, हे येथल्या रहिवाशांना सांगावयास नको. अशा थंड घरात आश्रयास आणलेल्या सापाला ऊब कशी द्यावी, याचा विचार आजवर कळवळ्याने पुष्कळ झाला. तो मोजमापाने व्हावा, यासाठी हे टिपण.

मूळ गोष्ट ही, की साप आपल्या देहात उष्णता जवळजवळ निर्माण करीतच नाही. ती तो उन्हातून, तापलेल्या दगडातून, वारुळाच्या खोल मातीतून उसनी घेतो. म्हणून गारठलेल्या सापाला गोधडीत गुंडाळून ठेवणे हा उपाय दिसावयास मायेचा असला, तरी निष्फळ आहे. गोधडी ऊब देत नाही, असलेली ऊब राखते. आणि ज्याच्यापाशी राखण्याजोगी ऊबच नाही, तो गोधडीतही गारच राहतो. या नियमाला निसर्गाने ठेवलेला एक अपवाद मोठा उद्बोधक आहे. 1841 साली पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात अंड्यांवर वेटोळे घालून बसलेल्या अजगराच्या मादीचे तापमान व्हॅलेन्सिएन या शास्त्रज्ञाने मोजले, तेव्हा तिची वेटोळी भोवतालच्या हवेहून पुष्कळच उष्ण आढळली. पुढे 1966 साली न्यूयॉर्क येथे संशोधकांनी, ही उष्णता ती स्नायूंच्या लयबद्ध आकुंचनाने उत्पन्न करते, असे दाखवून दिले. परंतु हे सामर्थ्य अंडी उबवणाऱ्या मादीचे. आपल्या पिशवीतल्या नागाला, धामणीला किंवा घोणशीला ते नाही.

गारठ्याचे परिणाम सावकाश दिसतात, म्हणून ते अधिक घातक ठरतात. देहाचे तापमान उतरले, की पचन मंदावते आणि पोटातील भक्ष्य न पचता सडू लागते. साप ते ओकून टाकतो किंवा त्यापायी दगावतो. यास्तव आश्रयास आणलेल्या सापाला ‘अशक्त दिसतो’ म्हणून खाऊ घालण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. स्वच्छ पाण्याची पसरट वाटी पुरे. रोगप्रतिकाराची शक्तीही तापमानावरच अवलंबून असल्याने गारठ्यात फुफ्फुसांचा विकार जडतो: साप तोंड किंचित उघडे ठेवतो, नाकपुडीशी बुडबुडे येतात, श्वासाला घरघर लागते. ही चिन्हे दिसताच घरगुती इलाजांत वेळ न दवडता पशुवैद्यकास गाठावे.

प्रत्यक्ष व्यवस्था फारशी खर्चिक नाही. थर्माकोलचे जाड खोके, त्याला हवेसाठी मोजकी छिद्रे, आत कागदाचा थर, आणि सुती पिशवीत किंवा भोके पाडलेल्या बरणीत ठेवलेला साप, एवढ्याने रात्रीचा गारवा बराच अडतो. जखमी सापाला बाहेरून उष्णता देणे भाग असेल, तर ती खोक्याच्या एकाच टोकाला द्यावी, म्हणजे ऊब घ्यावी की तिच्यापासून दूर सरकावे, हे सापाला स्वतः ठरवता येते. मात्र त्या वेळी त्याला पिशवीबाहेर, घट्ट झाकणाच्या प्रशस्त पेटीत ठेवलेले असावे. आपल्याकडील बहुतेक जातींना उबदार टोकाशी सुमारे 30 आणि गार टोकाशी सुमारे 25 अंश सेल्सिअस तापमान मानवते. जुना पिवळा बल्ब या कामी उपयोगी पडे. त्याच्या जागी आलेला एलईडी दिवा प्रकाश देतो, पण सापाला पुरेल अशी ऊब देत नाही, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. वीज गेली, तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एका कडेला ठेवावी आणि निवताच बदलावी.

ऊब कमी पडण्यापेक्षा ऊब अतोनात होण्याचा धोका अधिक आहे. तापलेल्या पृष्ठभागावर पोटाची कातडी भाजत असतानाही साप तेथून हलत नाही, असे पाळीव सापांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकांना वारंवार आढळले आहे; म्हणून दिव्याला जाळी असावी, तो सापाच्या आवाक्याबाहेर असावा, आणि चूल किंवा शेकोटी यांच्याजवळ पेटी कधीही ठेवू नये. तापमान हाताला कळत नाही. ते सापाच्या पोटाच्या पातळीवर ठेवलेल्या तापमापकालाच कळते. गारठलेल्या सापाला घाईने तापवूही नये. आधी घरातल्या साध्या हवेत काही काळ, मग हळूहळू उबेकडे, हाच क्रम सुरक्षित. आणि थंडीने मवाळ झालेला नाग किंवा मण्यार म्हणजे निरुपद्रवी प्राणी नव्हे. ऊब मिळताच त्याची तरतरी परत येते, हे जो विसरतो, त्याच्यावर रुग्णालयात जाण्याची पाळी येते.

सोडण्याचा विवेकही ऋतूप्रमाणे बदलावयास हवा. साप धडधाकट असेल, तर त्याला रात्री ताब्यात ठेवून दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर, सापडला त्याच ठिकाणाजवळच्या बिळाशी किंवा वारुळाशी सोडावे. हौसेने बोरच्या जंगलापर्यंत नेऊन, सायंकाळच्या गारव्यात, अनोळखी भूमीवर सोडलेल्या सापाला त्या रात्रीपुरता निवारा सापडेलच याची शाश्वती कोण देणार?

ऊब देण्याची सोय झाली, म्हणजे साप बाळगण्याची मुभा मिळाली, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 39 व्या कलमान्वये वन्य प्राणी ही शासनाची मालमत्ता असून, तो ताब्यात आल्यास 48 तासांच्या आत अधिकृत अधिकाऱ्यास किंवा नजीकच्या पोलीस ठाण्यास कळविणे बंधनकारक आहे. तेव्हा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या दप्तरी नोंद झाली पाहिजे आणि जखमी सापाची रवानगी लवकरात लवकर उपचार केंद्राकडे व्हावयास हवी. महानगरांत हौसेने पाळले जाणारे बॉल पायथन हे पश्चिम आफ्रिकेतील उष्ण प्रदेशाचे. त्यांची नोंदणी 2024 च्या नियमांनी आवश्यक ठरविली आहे. ज्यांनी ते रीतसर पाळले आहेत, त्यांच्यासाठी थर्मोस्टॅटवर चालणारी कायमची ऊब ही चैन नसून पहिली जबाबदारी आहे.

सर्पमित्राच्या झोळीत काठी असते, पिशवी असते, बॅटरी असते. तापमापक क्वचितच असतो. या हिवाळ्यात तो प्रत्येकाने विकत घ्यावा, आणि ताब्यातील प्रत्येक सापापुढे वेळ व तापमान यांची नोंद वहीत करावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. अशा दहा-वीस वह्या जरी जिल्ह्यातून एकत्र आल्या, तरी पुढच्या वर्षी आपल्याच हवामानातील, आपल्याच सापांविषयीचे ज्ञान आपल्याला स्वतःच्या पायावर उभे करता येईल.