रिपोर्ट नेहमीसारखाच, पेशंट बेजार

विदर्भातल्या कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात रात्री अकराच्या सुमाराला दिसणारे हे दृश्य. आई सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन येते. मुलगा स्वतःच्या पायाने आलेला असतो. जखम नाही, ताप नाही. मांड्या आणि कंबर दाबून धरत तो बाकावर आडवा होतो. आई केसपेपरबरोबर सिकलसेलच्या रुग्णाचे लाल कार्ड पुढे करते आणि म्हणते, ‘गोळीनं नाही होत जी याले. मागच्या वेळेस इंजेक्शन देल्लं होतं, तवा थांबलं.’ ड्युटीवरचा डॉक्टर नुकताच बाँडवर रुजू झालेला. आईच इंजेक्शनचे नाव घेते म्हटल्यावर त्याच्या मनात व्यसनाच्या संशयाची पाल चुकचुकते. रक्त तपासले जाते. हिमोग्लोबिन निघते साडेसात.

आता गंमत बघा. हा आकडा पाहून एखादा डॉक्टर घाबरून रक्त चढवायची तयारी करतो. दुसरा जुने कागद चाळतो, तिथेही साडेसातच दिसते, म्हणून ‘नवीन काही नाही’ म्हणत गोळ्या लिहून देतो. सिकलसेलच्या अनेक रुग्णांचे हिमोग्लोबिन बरे असतानाही सात ते नऊच्या घरात असते. त्यामुळे तेवढ्यावरून रक्त लावण्याची घाई करणे जसे चूक, तसेच तेवढ्यावरून दुखणे नाही असे ठरवणेही चूक. हाडात उठलेला ठणका या आकड्यात दिसतच नाही.

कारण ठाऊक नाही, असेही नाही. या आजारात गोल, लवचिक तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठर होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही आणि हाडातून कळा सुटतात. थंडी, पाणी कमी पडणे, ताप, अंगमेहनत यांपैकी काहीही निमित्त पुरते. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी अशा पेशींचे वर्णन 1910 मध्ये छापले. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखवले. रेणूच्या पातळीवर उलगडलेला हा पहिला आजार. एवढे कोडे सुटून पाऊणशे वर्षे झाली, तरी कॅज्युअल्टीच्या बाकावर आडव्या झालेल्या मुलाला ‘खरंच दुखतंय का रे?’ असे विचारले जाते.

आपली रुग्णालये घटनेसाठी घडलेली आहेत. साप चावला, अपघात झाला, बाळंतपण अडले की सगळे धावतात, आणि धावायलाच हवे. पण ज्याचा आजार जन्मापासून आहे आणि जन्मभर राहणार आहे, त्याच्याकडे दर वेळी पहिल्यांदाच आल्यासारखे पाहिले जाते. नवा केसपेपर, नवी हिस्टरी, नवा संशय. त्या खोलीत त्या आजाराचा सर्वांत जास्त अनुभव असलेले माणूस बहुधा बाकावर आडवे पडलेले असते, आणि त्यालाच विचारायचे राहून जाते.

ब्रिटनमध्ये सरकारी उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने 2012 मध्ये हे लेखी मांडले. सिकलसेलचा तीव्र ठणका ही तातडीची अवस्था समजावी, रुग्ण आल्यापासून 30 मिनिटांत वेदनाशामक द्यावे आणि रुग्णाला त्याच्या आजाराचा जाणकार मानून त्याचे ऐकावे. कागदावर उतरले म्हणजे अमलात आले असे तिथेही झाले नाही. 2019 मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात दाखल असलेल्या 21 वर्षांच्या सिकलसेलग्रस्त तरुणाने प्राणवायूसाठी खाटेवरून आपत्कालीन सेवेला फोन लावला. पुढे तो दगावला. 2021 मध्ये तिथल्या खासदारांच्या सर्वपक्षीय गटाने या रुग्णांच्या हेळसांडीवर अहवाल काढला आणि त्याला नाव दिले, ‘कुणीच ऐकत नाही’.

आपल्याकडे कडक वेदनाशामक देण्याबाबतची डॉक्टरची भीती अगदीच निराधार नाही, हे मान्य करायला हवे. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिनभोवती परवान्यांचे असे कुंपण घातले, की अनेक रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. 2014 च्या दुरुस्तीने वाट सोपी केली, पण अंगवळणी पडलेली धास्ती राहिली. 2018 मध्ये ट्रॅमाडॉल हे वेदनाशामकही याच कायद्याखाली आले. नोंदवहीची कटकट आणि चौकशीचा धाक असताना, रात्री एकटा असलेला नवखा डॉक्टर ‘सलाईन लावू, सकाळी बघू’ म्हणतो ते समजण्यासारखे आहे. मात्र त्याच्या धास्तीची किंमत मुलाने रात्रभर कण्हत मोजावी, हे समजण्यासारखे नाही.

आणखी एक समज या उपेक्षेला खतपाणी घालतो. भारतातला सिकलसेल सौम्य, असे बराच काळ मानले गेले. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षे मुलांचा पाठपुरावा केला, तेव्हा इथल्या अनेक मुलांना तो चांगलाच छळतो हे पुढे आले. हायड्रॉक्सीयुरियाच्या कमी मात्रेनेही ठणक्याचे झटके कमी होतात, हेही नागपूरच्या अभ्यासातून दिसले. ही गोळी रोज घ्यायची असते, अधूनमधून रक्त तपासावे लागते. तालुक्याला ती एक महिना मिळाली आणि दोन महिने मिळाली नाही, तर ती सुरू आहे असे कसे म्हणायचे?

दवाखान्याबाहेर हाच आजार अपंगत्वाचे रूप घेतो. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाला लघवी दाट करता येत नाही. त्यामुळे मुलाला सारखे पाणी प्यावे लागते आणि सारखे उठावेही लागते. गुरुजी ‘आत्ताच गेला होतास ना?’ म्हणत बसवून ठेवतात. मग मूल पाणीच पीत नाही, आणि दोन दिवसांनी ठणका उठतो. काहींच्या खुब्याचे हाड रक्ताअभावी झिजते आणि विशी-पंचविशीत लंगडणे सुरू होते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रकारांची संख्या 7 वरून 21 केली, आणि सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया त्यात आले. त्याच कायद्याचे 25 वे कलम दिव्यांगांना उपचारांत प्राधान्य द्या असे सांगते. महाराष्ट्रात सिकलसेलच्या रुग्णांना एसटीच्या साध्या गाडीत मोफत प्रवासही आहे. पण सरकारी नोकरीतल्या चार टक्के राखीव जागांच्या यादीत रक्ताचे हे तिन्ही आजार नाहीत. शिवाय सवलतींसाठी प्रमाणपत्रावर टक्केवारी लागते आणि ती किमान 40 लागते. महिन्यातले वीस दिवस ठणठणीत आणि दहा दिवस अंथरुणाला खिळलेला माणूस नेमका किती टक्के, हे कुठल्या फूटपट्टीने काढणार?

जुलै 2023 मध्ये मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 ची मुदत. तपासणी हवीच; लग्नाआधी दोघांनाही आपण वाहक आहोत का हे कळले पाहिजे. पण जे आज जन्मलेले आहेत आणि आज दुखत आहेत, त्यांच्यासाठी एक साधे पान पुरेसे आहे. त्यावर बरे असतानाचे हिमोग्लोबिन, मागच्या वेळी कोणते औषध किती मात्रेत लागू पडले, काय अंगावर उठले, आणि खाली नेहमीच्या डॉक्टरची सही. ते लाल कार्डाला टाचून द्यावे, आणि ते पाहिल्यावर अर्ध्या तासात उपचार सुरू व्हावेत असा आदेश प्रत्येक कॅज्युअल्टीत लावावा. त्याला नवी इमारत लागत नाही की नवे यंत्र.

बऱ्याच घरांत हे पान आईने आधीच लिहिलेले असते. शाळेच्या जुन्या वहीत, तारखेवार, वाकड्यातिकड्या अक्षरात. वही रिपोर्टांच्या घड्यांबरोबर किराणा दुकानाच्या पिशवीत असते. आई ती पिशवी टेबलावर सोडू लागते तेव्हा समोरून आवाज येतो, ‘ते राहू द्या, लेटेस्ट रिपोर्ट तेवढा दाखवा.’