खर्व, निखर्व आणि लाख कोटी

नोव्हेंबर २०२२ मध्ये जगाची लोकसंख्या ८ अब्ज झाली, त्या दिवशी आमच्या वाचनालयात एक गमतीदार वाद झाला. मराठी विषयाचा विद्यार्थी 'आठ अब्ज' म्हणे, कन्नड विषयाचा 'आठ शतकोटी'. आकडा एकच आहे हे पटण्यासाठी अखेर कागदावर शून्ये मांडावी लागली.

वास्तविक दोन्ही शब्द जुन्या घराण्यातले. त्यांतला एक तर आपल्या अंगणातलाच म्हणायला हवा. सेडमजवळचे मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. तेथील राजा अमोघवर्ष नृपतुंग याच्या कारकिर्दीत, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. त्यात संख्येच्या २४ स्थानांची नावे आहेत. दहावे स्थान 'शतकोटी' आणि शेवटचे 'महाक्षोभ', म्हणजे एकावर २३ शून्ये! मराठीतले 'अब्ज' मात्र भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील (११५०) यादीशी जुळते. ती यादी १८ स्थानांची असून परार्धापाशी थांबते.

एवढे ऐकले की छाती फुगवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पण दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहाव्यात. महावीराचार्यांचा खर्व म्हणजे एकावर १२ शून्ये. भास्कराचार्यांचा खर्व म्हणजे एकावर १०. शंभरपटीचा फरक! सावकाराच्या वहीत असा शब्द आला असता तर एखादे घर बुडाले असते. हिंदीतला खरब आणखी निराळा, ११ शून्यांचा. इंग्रजीही यातून सुटलेली नाही. ब्रिटनमध्ये बिलियन म्हणजे दशलक्ष गुणिले दशलक्ष अशी जुनी रीत होती; सरकारी आकड्यांत तो १०० कोटींचा धरला जाईल, हे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांना १९७४ मध्ये सांगावे लागले.

म्हणून खर्व-निखर्व पुन्हा वापरात आणावेत, ही काही मंडळींची हौस मला पटत नाही. अब्ज व शतकोटी आहेत तसे असू द्यावेत. त्यापुढे 'लाख कोटी' हा जोडशब्द ओबडधोबड असला तरी त्यात घोटाळा नाही.

अडचण आहे ती आपली. मार्च २०२५ मध्ये कर्नाटकाचा ४ लाख ९ हजार ५४९ कोटींचा अर्थसंकल्प मांडला गेला. आपण ऐकले आणि मान डोलावली. तीन लाख कोटी म्हटले असते तरी तशीच डोलावली असती. रुपयाला एक सेकंद धरला, तर महावीराचार्यांच्या काळापासून आजवर सुमारे ३७ अब्ज सेकंद झाले. एका लाख कोटीचा पंचविसावा हिस्साही नाही.

तीच रक्कम २०११ च्या जनगणनेतील ६ कोटी ११ लाख लोकांत भागली, की माणशी सुमारे ६७ हजार रुपये येतात. हा आकडा हुमनाबादच्या बाजारातल्या भाजीवालीलाही कळतो आणि त्यावर तिला प्रश्नही विचारता येतो. पगार, व्याज, कर्जफेड यांत बरेच जाते, हे मान्य. तरीही बीदर जिल्ह्याच्या १७ लाख वस्तीला हाच हिशेब लावला, तर ११ हजार ४०० कोटींच्या आसपास रक्कम होते. त्यातली प्रत्यक्ष किती या जिल्ह्यात उतरली, हे शोधण्याचे काम आमच्या अर्थशास्त्राच्या वर्गाने यंदा हाती घ्यावे. मराठी आणि कन्नड, दोन्ही बाकांवरच्यांनी मिळून.