परक्यांची गरज, आपली विस्मृती

मार्चच्या मध्यावर एका सोमवारी, आपल्याकडे संध्याकाळ सरत असताना, अमेरिकेतली एक संस्था जगभरच्या नव्या डॉक्टरांना एका ओळीत कळवते की विशेषज्ञतेच्या प्रशिक्षणाची जागा त्यांना मिळाली की नाही. कोणत्या शहरात, कोणत्या रुग्णालयात, हे कळायला शुक्रवार उजाडावा लागतो. भाईंदर पूर्वेच्या गोडदेवात, जिथे जुन्या आगरी घरांना खेटून सोसायट्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत, तिथल्या घरांतूनही ‘मॅच’, ‘स्टेप वन’, ‘प्लॅब’, ‘ऑब्झर्वरशिप’ हे शब्द आता परके राहिलेले नाहीत. अमेरिकेतच एमडी झालेल्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी शंभरातल्या नव्वदांहून अधिकांना जागा मिळते. बाहेर शिकलेल्या परदेशी नागरिकांत हे प्रमाण गेली काही वर्षे साठाच्या जरा खाली रेंगाळते आहे. उरलेल्या चाळीस जणांच्या घरी त्या रात्री जे पदरी पडते त्याला आपण त्या मुलाचे किंवा मुलीचे अपयश समजतो. गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. यजमान देशाने परक्या डॉक्टरला लावलेली कसोटी त्याच्या विद्येइतकीच, पुष्कळदा विद्येहूनही अधिक, त्या देशाच्या स्वतःच्या तुटवड्याने ठरत आली आहे, आणि तो तुटवडा सरला की कसोटी कडक झाली आहे.

पाश्चात्त्य वैद्यकाचे पद्धतशीर शिक्षण आपल्या किनाऱ्यावर आले ते १८४२ मध्ये गोव्यात आणि १८४५ मध्ये मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. दोन्हीकडे विद्या दिली गेली, पण पूर्ण अधिकार देताना हात आखडता राहिला. पणजीच्या ‘एश्कोला मेदिका’तून बाहेर पडलेले गोमंतकीय डॉक्टर पोर्तुगालच्या आफ्रिकी वसाहतींत साथीचे रोग अंगावर घेत राबले, लिस्बनच्या पदवीधराच्या बरोबरीला यायचे तर मात्र त्यांना पोर्तुगालला जाऊन पुन्हा विद्यार्थी व्हावे लागे. ब्रिटिश हिंदुस्थानात इंडियन मेडिकल सर्व्हिसची स्पर्धापरीक्षा १८५५ मध्ये खुली झाली, तीही लंडनमध्ये. त्या पहिल्याच परीक्षेत उत्तीर्ण झालेले सूर्यकुमार चक्रवर्ती हे दहा वर्षांपूर्वी द्वारकानाथ ठाकुरांनी आपल्यासोबत विलायतेला नेलेल्या चार बंगाली विद्यार्थ्यांपैकी एक होते. कागदावर संधी सर्वांना समान होती, आणि तिच्यापर्यंत पोहोचायला समुद्रप्रवासाचे भाडे, लंडनमधला निर्वाह आणि घरच्यांचा रोष पत्करण्याची तयारी लागत होती. आज परीक्षांचे शुल्क डॉलरमध्ये भरताना, व्हिसाची मुलाखत मिळवताना आणि महिनाभराच्या बिनपगारी ऑब्झर्वरशिपसाठी राहण्याजेवणाचा खर्च उचलताना मध्यमवर्गीय घराची जी ओढाताण होते, तिचा हा पूर्वज आहे.

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला निघाल्या आणि मार्च १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्रीकक्षाचे काम त्यांची वाट पाहत होते. फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, क्षयाने त्या पुण्यात वारल्या. हा त्याग आपण पाठ्यपुस्तकांत ठेवला. मात्र ज्या वर्षी त्या बोटीवर चढल्या त्याच १८८३ मध्ये मुंबईत सोराबजी शापूरजी बंगाली आणि जॉर्ज किट्रेज यांच्या खटपटीने ग्रँट मेडिकल कॉलेजात स्त्रियांना प्रवेश मिळू लागला, डॉक्टर एडिथ पीची इंग्लंडहून मुंबईत आल्या आणि आनंदीबाई पदवी घेत होत्या त्याच १८८६ मध्ये स्त्रियांसाठीचे कामा रुग्णालय सुरू झाले, ही गोष्ट आपण क्वचितच सांगतो. त्या पीचीबाईंच्या प्रोत्साहनाने लंडनला गेलेल्या रखमाबाईंनी १८९४ मध्ये एमडीची पदवी मिळवली ती ब्रसेल्सहून, आणि परतून सुरत व राजकोट इथे कित्येक दशके स्त्रियांची रुग्णालये सांभाळली. आपल्या सार्वजनिक स्मृतीत प्रस्थानाला जेवढे स्थान आहे तेवढे रुग्णालय उभारण्याला नाही. हा झुकाव त्या काळापासूनचा आहे आणि त्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत.

शिकायला बाहेर जाण्यात उणेपणा नाही, हे इतर देशांच्या उदाहरणावरून सहज दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खुद्द अमेरिकी डॉक्टर हजारोंच्या संख्येने व्हिएन्ना आणि बर्लिनला विशेष विषय शिकायला जात, कारण त्यांच्या घरी तसे शिकवणारे कोणी नव्हते. पण त्यांच्यातले विल्यम हाल्स्टेडसारखे लोक परतले ते जर्मन रुग्णालयांची श्रेणीबद्ध प्रशिक्षणाची पद्धत बरोबर घेऊन. १८८९ मध्ये उघडलेल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तिच्यातून शल्यविशारदांच्या ‘रेसिडेन्सी’ची घडी बसली, आणि आज गोडदेवचा विद्यार्थी जिच्यासाठी जीव टाकतो ती व्यवस्था ही त्या घडीचीच विस्तारित आवृत्ती आहे. जपानचे जिवाणुशास्त्रज्ञ कितासातो बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या हाताखाली काम करून १८९२ मध्ये मायदेशी आले तेव्हा फुकुझावा युकिचींच्या मदतीने त्याच वर्षी टोकियोत त्यांच्यासाठी संशोधनसंस्था उभी राहिली. दोन्ही समाजांनी परत येणाऱ्याला बसायला जागा केली, म्हणून एका पिढीचा प्रवास पुढच्या पिढीला करावा लागला नाही.

आपल्याकडे असा प्रयत्न झालाच नाही असे मात्र नाही, आणि तो मुंबईतच झाला. असहकाराच्या लाटेत १९२१ मध्ये भायखळ्याला नॅशनल मेडिकल कॉलेज निघाले, ज्याचे पुढे टोपीवाला कॉलेज आणि नायर रुग्णालय झाले. १९२६ मध्ये परळला शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालय सुरू झाले तेव्हा देणगीदारांच्या विश्वस्तांनी घातलेली अट अशी होती की तिथले अध्यापक सरकारी सेवेबाहेरचे, पात्र भारतीयच असावेत. या अटीमागची वेदना समजून घेतली पाहिजे. विलायतेतल्या उच्च पदव्या घेऊन आलेल्या भारतीयांना सरकारी महाविद्यालयांत अध्यापकाची पदे मिळत नव्हती, कारण ती इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांसाठी राखल्यासारखी होती. म्हणजे शिकून आलेला माणूस होता, शिकू इच्छिणारा होता, रुग्ण तर गिरणगावात हवे तेवढे होते, आणि या तिघांना एकत्र आणणारी खुर्ची तेवढी परक्याच्या ताब्यात होती. विश्वस्तांनी नेमका त्या खुर्चीवर हात ठेवला. लंडनचे एमडी असलेले डॉ. जीवराज मेहता तिथले अधिष्ठाता झाले, आणि याच रुग्णालयात फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. पी. के. सेन यांच्या चमूने भारतातले पहिले, जगातल्या अगदी पहिल्या मोजक्यांपैकी एक हृदयप्रत्यारोपण केले. रुग्ण वाचला नाही. पण केपटाऊनच्या पहिल्या प्रत्यारोपणानंतर अवघ्या अडीच महिन्यांत महापालिकेच्या रुग्णालयात ते करून पाहण्याइतकी विद्या परळमध्ये मुरलेली होती.

दरम्यान लंडनचे वारे फिरलेच. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय महाविद्यालयांतल्या बाळंतपणाच्या प्रशिक्षणावर बोट ठेवले, सर नॉर्मन वॉकर यांना तपासणीला पाठवले, आणि तपासणी कोणी करायची यावरचा वाद चिघळत १९३० मध्ये भारतीय पदव्यांची मान्यताच काढून घेतली. प्रशिक्षणात उणिवा होत्या, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तरीही उणीव दाखवण्याचा आणि ती भरून निघाली की नाही हे ठरवण्याचा अधिकार सहा हजार मैलांवर असणे ही त्याहून मोठी उणीव होती. १९३३ च्या कायद्याने मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया जन्माला आली ती या अपमानाच्या पोटी.

स्वातंत्र्यानंतर १९५६ या एकाच वर्षी दोन संस्था जन्मल्या, आणि त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात अशा आहेत. दिल्लीत एम्स स्थापन करणाऱ्या कायद्याने पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणात देशाची स्वयंपूर्णता हे उद्दिष्ट लिहून ठेवले. अमेरिकेत त्याच वर्षी परदेशी वैद्यकीय पदवीधरांची पात्रता तपासणारी ‘ईसीएफएमजी’ आकाराला आली. पुढची वीस वर्षे दुसऱ्या संस्थेचा प्रभाव आपल्यावर अधिक पडला. त्याच काळात ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेलाही कनिष्ठ डॉक्टर कमी पडत होते. इनॉक पॉवेल आरोग्यमंत्री असतानाच्या काळात उपखंडातून डॉक्टर मोठ्या संख्येने तिकडे गेले, आणि १९६८ मध्ये याच पॉवेलांनी बर्मिंगहॅमला स्थलांतरितांविरुद्ध कुप्रसिद्ध भाषण केले. गेलेल्यांपैकी पुष्कळांना शस्त्रक्रिया किंवा हृदयरोग शिकायचा होता. वाट्याला आले वृद्धरोग, मनोरुग्णालये आणि खाणकामगारांच्या गावांतले दवाखाने, म्हणजे स्थानिक डॉक्टरांना नको असलेली कामे. अमेरिकेत १९६५ च्या एकाच वर्षाने नवा स्थलांतर कायदा आणि मेडिकेअर असे दोन्ही दिले, रुग्णालयांना प्रशिक्षणार्थी डॉक्टरांसाठी सरकारी पैसा मिळू लागला, आणि मराठी डॉक्टर न्यू जर्सी, मिशिगन, ओहायोत स्थिरावू लागले.

मग १९७५ साली ब्रिटनने भारतीय पदव्यांची मान्यता पुन्हा काढली आणि परदेशी डॉक्टरांसाठीच्या आजच्या ‘प्लॅब’ परीक्षेची सुरुवात झाली, १९७६ मध्ये अमेरिकेने आता देशात डॉक्टरांचा तुटवडा उरला नाही असे कायद्यातच नमूद करून परदेशी पदवीधरांवर निर्बंध घातले. दहा वर्षांपूर्वी चालणारी तीच पदवी, त्याच महाविद्यालयाची, एकाएकी संशयास्पद ठरली. पुढे ग्रामीण अमेरिकेतले दवाखाने ओस पडू लागले तेव्हा १९९४ मध्ये, मायदेशी दोन वर्षे परतण्याची जे-१ व्हिसाची अट डॉक्टर नसलेल्या भागांत सेवा दिल्यास माफ करणारी सवलत आली. ब्रिटनने २००६ मध्ये परमिटशिवाय प्रशिक्षणाची सोय अवघ्या काही आठवड्यांच्या सूचनेने बंद केली. भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या संघटनेला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत लढावे लागले आणि २००८ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला तोवर अनेकांचे उमेदीचे दिवस, काढलेली कर्जे आणि भाड्याच्या खोल्या संपून गेल्या होत्या. २०१९ नंतर ब्रिटनने तुटवड्याच्या यादीत सर्व डॉक्टर घातले, परदेशी अर्जदारांना पहिल्याच फेरीत स्थान दिले, अर्जांचा पूर आला, आणि जुलै २०२५ च्या आरोग्य आराखड्यात प्रशिक्षणाच्या जागांसाठी आपल्या पदवीधरांना प्राधान्य देण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी अमेरिकेत मे-जूनमध्ये, नव्या निवासी डॉक्टरांनी १ जुलैला रुजू व्हायचे असताना, जे-१ व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबल्या, आणि सप्टेंबरमध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क आले. १९३०, १९७५, २००६, २०२५ या वर्षांतल्या सरकारांचे पक्ष, विचारसरणी आणि भाषा निराळी होती. वागणूक एकच होती. त्या सरकारांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण स्वतःच्या तरुणांना आधी जागा देणे हे कोणत्याही सरकारचे रास्त काम आहे. प्रश्न असा आहे की आपल्या सरकारांनी आपल्या तरुणांसाठी ते किती केले.

२०१३-१४ मध्ये देशात पदव्युत्तर वैद्यकीय जागा ३१ हजारांच्या आसपास होत्या, २०२५ च्या सुरुवातीला त्या ७४ हजारांवर गेल्या; पण याच काळात एमबीबीएसच्या जागा ५१ हजारांवरून १ लाख १८ हजारांपर्यंत वाढल्या आणि पीजीच्या नीटला दोन लाखांहून अधिक डॉक्टर बसू लागले. एवढी चुरस असतानाही २०२३ मध्ये पात्रतेची रेषा शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणावी लागली, कारण शरीररचनाशास्त्रासारख्या रुग्णांशी थेट संबंध नसलेल्या शाखांच्या आणि परवडू न शकणाऱ्या खासगी जागा रिकाम्या राहत होत्या. हवी ती ‘ब्रँच’ मिळावी म्हणून एक ड्रॉप, मग दुसरा, मग बंधपत्राची सेवा, आणि सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी परदेशी परीक्षेचा अर्ज, हा क्रम ज्याने जवळून पाहिला आहे तो त्या मुलांना देशप्रेमाचे धडे देणार नाही. २०११ मध्ये केंद्राने डॉक्टरांना ‘परतण्याचे बंधन नाही’ असे प्रमाणपत्र देणे थांबवले, तेव्हा शासनाने परतीचा नियम केला आणि परतल्यावरची खुर्ची विसरले. १९२६ च्या विश्वस्तांना जे कळले होते त्याच्या नेमके उलट.

मीरा-भाईंदरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ५ लाख २० हजार होती, २०११ मध्ये ती ८ लाखांवर गेली. मिठागरे आणि भातखाचरे यांच्या जागी एक अख्खे शहर उभे राहिले, तरी अवघड बाळंतपण किंवा अपघातातली डोक्याची इजा आली की रात्री-अपरात्री नातेवाइकांच्या कानी पडणारे वाक्य अजून तेच आहे: ‘पुढे न्या’. पुढे म्हणजे कांदिवली, शीव, परळ. दहिसरच्या चेकनाक्यावरची वाहतूक ओलांडून. ज्या शहरातून विशेषज्ञ होण्यासाठी मुले सातासमुद्रापार जायला निघतात त्याच शहरातले रुग्ण विशेषज्ञांच्या शोधात तीस किलोमीटरपर्यंत दक्षिणेला नेले जातात, आणि या दोन प्रवासांचे कारण एक आहे: जिथे रुग्ण आहेत तिथे शिकवण्याची सोय नाही.

ही सोय करण्याची साधने आता उपलब्ध आहेत. १९७५ मध्ये, म्हणजे ब्रिटनने मान्यता काढली त्याच वर्षी, स्थापन झालेल्या राष्ट्रीय परीक्षा मंडळामुळे वैद्यकीय महाविद्यालय नसलेल्या रुग्णालयांतही डीएनबी या विशेषज्ञ-पदवीचे प्रशिक्षण चालू शकते, आणि जुलै २०२५ च्या नियमांनी २२० हून अधिक खाटांच्या शासकीय रुग्णालयांना अध्यापन संस्था होण्याची मुभा दिली आहे. आठ लाखांवरच्या शहरात एवढे सार्वजनिक रुग्णालय असणे ही चैन नव्हे. तिथे स्त्रीरोग, बालरोग, भूलशास्त्र आणि मेडिसिन या चार शाखांनी सुरुवात करता येईल, पण इमारतीच्या निविदेआधी राज्य शासन आणि महापालिकेने मिळून अध्यापकांची कायम पदे मंजूर केली पाहिजेत, त्यांचे वेतन खासगी नर्सिंग होमच्या मिळकतीशी निदान तुलना करता येईल इतके ठेवले पाहिजे, आणि लंडन किंवा डेट्रॉइटहून परतू पाहणाऱ्या विशेषज्ञाला आपली पदवी इथे पुन्हा सिद्ध करत वर्षे घालवावी लागू नयेत अशी नेमणुकीची पद्धत आखली पाहिजे. येत्या अर्थसंकल्पात या पदांसाठी स्वतंत्र तरतूद दिसते की पुन्हा केवळ नव्या इमारतीचा आकडा, हे मीरा-भाईंदरच्या नागरिकांनी आणि त्यांच्या लोकप्रतिनिधींनी तपासून पाहावे.